'बाहेर' या शब्दाचे वजन

सीमा म्हटली की आपल्यासमोर कुंपण येते, नदी येते, फार तर नकाशावरची तांबडी रेघ येते. ती दुसऱ्याच्या अंगणात जाऊन बसू शकते, हे सहसा ध्यानात येत नाही. जुलै २००१ मध्ये ब्रिटनने आपले इमिग्रेशन अधिकारी प्राग विमानतळावर नेऊन बसवले. चेक सरकारची संमती होतीच. चेक नागरिकांना तेव्हा ब्रिटनचा व्हिसा लागत नसे. म्हणून विमान सुटण्यापूर्वीच कागदपत्रे पाहायची आणि हा माणूस तिकडे उतरून आश्रय मागेल असे वाटले तर त्याला चढूच द्यायचे नाही, अशी ती व्यवस्था. एका निरीक्षकाने २००२ च्या आरंभीचे काही महिने ठेवलेल्या नोंदीत ७८ रोमा प्रवाशांपैकी ६८ नाकारले गेले होते. डिसेंबर २००४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने हा वंशभेद बेकायदा ठरवला. रोमा नाकारला जाण्याची शक्यता इतरांच्या ४०० पट होती. (रोमांची भाषा आपल्याच कुळातली. पाणी, नाक, कान, माणूस हे त्यांचे शब्द आपल्याला कोशाविना ओळखू येतात.)

आम्हांला मात्र या निकालाचा दुसरा भाग अधिक अस्वस्थ करतो. १९५१ च्या निर्वासितविषयक करारानुसार निर्वासित तोच, जो स्वतःच्या देशाबाहेर आहे. प्रागमध्ये अडवलेली माणसे अजून स्वदेशातच होती; सबब ती निर्वासित नव्हेत आणि कराराचे संरक्षण त्यांना नाही, असे न्यायाधीशांनी म्हटले. संहितेचे हे वाचन चूक आहे असे म्हणता येत नाही. शब्द तसाच आहे. पण दाराला बाहेरून कडी लावायची आणि वर म्हणायचे, 'तू तर घरातच आहेस!' साहित्याच्या वर्गात विरोधलय शिकवताना आपण नाटके धुंडाळतो; इथे तो एका क्रियाविशेषणात सामावला आहे.

नाव न घेता वगळण्याची ही कला जुनी आहे. १९०८ च्या कॅनडाच्या नियमात भारतीयांचा उल्लेख नव्हता. मायदेशातून अखंड प्रवास करून या, एवढेच म्हटले होते. भारतातून तसा थेट प्रवास करण्याची सोयच नव्हती. १९१४ मध्ये 'कोमागाता मारू' व्हँकूवरहून परत फिरवली गेली, तिच्यामागे हाच नियम होता.

मालवण तालुक्यातल्या कट्ट्यासारख्या गावात बसून प्रागची उठाठेव कशाला, असे कुणी विचारील. ज्यांचा मुलगा अमेरिकेत आहे असे इथले आईवडील मुंबईहून अबुधाबीमार्गे निघाले, तर अमेरिकी अधिकारी त्यांना अबुधाबीतच भेटतात. जानेवारी २०१४ पासून तिथे ही तपासणी चालते. तिची सोय आम्ही नाकारत नाही. पलीकडे उतरल्यावर रांगेत तिष्ठावे लागत नाही, आणि नकारच मिळायचा असेल तर लांबचा हेलपाटा वाचतो. पण नकार मिळतो तो तिसऱ्याच देशात, जिथे ना आपला कायदा ना त्यांचे न्यायालय हाताशी. मुंबईच्या काउंटरवर तर अधिकारीही नसतो. ब्रिटनने १९८७ च्या कायद्याने अपुऱ्या कागदांच्या प्रवाशामागे विमान कंपनीलाच दंड लावला; इतर देशांनीही तशीच तजवीज केली. तेव्हापासून कंपनीचा पगारी कारकून दंडाच्या धास्तीने आपला व्हिसा न्याहाळतो. त्याने 'नाही' म्हटले तर त्यावर अपील कुठे करायचे?

अशी तपासणी बंद होईल अशी आशा आम्ही बाळगत नाही. परंतु नकाराचा कागद प्रवाशाच्या हाती पडलाच पाहिजे, कारणासह, त्याला वाचता येणाऱ्या भाषेत. आणि तो घेऊन नाकारणाऱ्या देशाच्या न्यायालयात मायदेशातून दाद मागता आली पाहिजे. शिवाय काउंटरपाशी मोजदाद करणारा त्रयस्थ माणूस हवा. प्रागमध्ये तसा एक माणूस उभा होता, म्हणूनच ७८ आणि ६८ हे आकडे लॉर्ड्सपुढे पोचले.