खुराडं कोंबडीसाठी असतं हो!

मंडळी, गेल्या महिन्यात गावच्या घरी, मागच्या परसात, सहा कोंबड्यांसाठी खुराडं बांधलं. हौसेने फोटो काढले आणि घरच्या ग्रुपवर टाकले. झालं! एका काकांनी विचारलं, "भंगारवाल्याचं दुकान उघडलंस का रे?" एक वहिनी म्हणाल्या, "ऑनलाइन किती गोड मिळतात, छोट्या बंगल्यासारखे." आणि मावशीने नेहमीचा बाण सोडला, "एवढा पगार घेतोस, तर एक तयार आणायला काय झालं होतं?"

एवढ्या सगळ्याला ग्रुपवर उत्तर देणं शक्य नाही, म्हणून इथे लिहितोय. आणि थोडं भांडायचंच आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी त्या गोड बंगल्याबद्दल. फोटोत लाल छप्पर, पांढऱ्या चौकटी, पुढे छोटीशी शिडी. खाली लिहिलेलं असतं, 'सहा कोंबड्यांसाठी'. आता साधा हिशोब करू. कोंबडी रात्री जमिनीवर झोपत नाही, दांडीवर बसून झोपते. एकीला आठ ते दहा इंच दांडी लागते. म्हणजे सहाजणींना चार ते पाच फूट. बंगल्याच्या आतली लांबी मोजा, जेमतेम तीन फूट भरेल. मग उरलेल्या कुठे जाणार? अंडी घालायच्या खणात! तिथेच रात्रभर बसणार, तिथेच घाण करणार, आणि सकाळी अंडं त्यात लडबडलेलं. अंड्याचा खण दांडीपेक्षा खाली हवा, कारण कोंबडी उंचातली उंच जागा शोधते. आमच्या आजीला हे माहीत होतं. बंगला काढणाऱ्याला नसावं.

दुसरी गोष्ट उकाड्याची. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकत ती अंगातली उष्णता बाहेर टाकते. कोकणातल्या एप्रिल-मे महिन्यात चारी बाजूंनी बंद लाकडी पेटीत तिला कोंडलं तर काय होईल ते सांगायला नको. शिवाय विष्ठेतून अमोनिया सुटतो. त्याला वर जाऊन बाहेर पडायला दांडीच्या वरच्या उंचीवर मोकळी जाळी लागते. हे बंगले थंड देशातल्या घराचं चित्र बघून काढल्यासारखे दिसतात. आपल्याकडे खुराड्याला भिंतीपेक्षा वारा जास्त लागतो.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जाळी. तयार खुराड्यांना बहुतेक वेळा ती पातळ षटकोनी जाळी असते. ती कोंबडीला आत ठेवते, पण बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही! माझ्या एका मामेभावाने असंच एक सुंदर खुराडं विकत आणलं होतं. रानमांजराने एका रात्रीत जाळी फाडली आणि पाच कोंबड्या संपवल्या. पैसे कुठे गेले होते? लाल छपराला.

माझ्या 'भंगारा'त काय आहे ते आता ऐका. वाडीतल्या एका जुन्या घराची कौलं काढून स्लॅब घातला, तेव्हाची मंगलोरी कौलं आणि त्यांच्याखालच्या रिपा. त्याच घराची सागवानी चौकट, जिला इतक्या वर्षांत वाळवीने तोंड लावलं नाही. रिपांच्या कडा तासून गोल केल्या आणि दांड्या बनवल्या. एका मोडक्या कपाटाचे खण अंडी घालायला, एक फूट बाय एक फूट, सहाजणींना दोन पुरतात. जमिनीपासून दोन फूट उंच, खाली जांभा दगडाचे खांब. तळाला भाताचं तूस. नवीन विकत काय आणलं? अर्धा इंची वेल्डमेश जाळी, बिजागऱ्या, स्क्रू आणि दोन दणकट कड्या. म्हणजे रानमांजर, मुंगूस, घूस आणि साप जिथे घुसायला बघतात, नेमका तिथेच पैसा घातला. बाकीच्या ठिकाणी जुनं सामान नव्यापेक्षा सरस होतं. ह्याला काटकसर म्हणा नाहीतर कंजूषपणा, माझी हरकत नाही.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींशीही दोन शब्द. 'टाकाऊतून टिकाऊ' म्हटलं की ज्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, त्यांनी कृपया मला आपल्यात ओढू नये. भंगार आहे म्हणून ते पवित्र होत नाही. जुन्या रंगवलेल्या दारांच्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची सक्तीची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. कोंबडी रंगाचे पोपडे टोचते, आणि ते शिसं अंड्यातून आपल्याच ताटात येतं. जुने सिमेंटचे पत्रे कापायला घेऊ नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात जाते. भंगारवाल्याकडचं लाकडी पॅलेट घेताना शिक्का बघा. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन किडीपासून मुक्त केलेलं, ते चालेल. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते तिथेच ठेवा. रसायनांच्या कारखान्यातून आलेलं असेल तर शिक्का बघायचेही कष्ट नकोत. आणि लाकडाच्या सांध्यांत चुना भरा, नाहीतर तिथे पिसवा-गोचिडांची वस्ती होते.

"पण बर्ड फ्लू?" हा प्रश्न आलाच. योग्य प्रश्न आहे. २००६ च्या फेब्रुवारीत देशातली पहिली साथ आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला निघाली, तीही मोठमोठ्या पोल्ट्री शेडच्या भागात. फळी जुनी आहे की नवी, हे विषाणू बघत नाही. रानपाखरं दाण्या-पाण्यात तोंड घालतात का, हात धुतले जातात का, मेलेला पक्षी नीट पुरून वर कळवलं जातं का, ह्यावर सगळं असतं. म्हणून माझं दाण्याचं भांडं कौलांखाली आहे, अंगणात नाही.

शेवटचा टोमणा, "तुझं एक अंडं कितीला पडतं रे?" बाजारातल्यापेक्षा महाग पडतं, कबूल! पण बाजारातलं स्वस्त का असतं तेही विचारा की. आपल्याकडची बहुतेक विकतची अंडी पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची असतात. युरोपने जुन्या पद्धतीच्या पिंजऱ्यांवर २०१२ च्या १ जानेवारीपासून बंदी घातली. तोवर तिथे नियमाने एका कोंबडीला किमान जागा होती ५५० चौरस सेंटिमीटर. तुमच्या प्रिंटरमधला ए-फोर कागद ह्याहून मोठा असतो! त्यावर उभं राहून जन्म काढायचा. पंख पसरणं नाही, मातीत लोळणं नाही, दांडीवर बसणं नाही. ती स्वस्ताई कुणाच्या जिवावर चालते, हे कळल्यावर मला तरी आकडेमोड जमत नाही.

असो. पुढच्या वेळी कुणी खुराड्याचा फोटो दाखवला तर रंग बघू नका. जाळी बोटाने दाबून बघा, कडी बाहेरून ढकलून बघा, दांडी मोजा, आणि सकाळी दार उघडताना आत डोकं घालून वास घ्या. ह्यात जे उत्तीर्ण होईल ते खुराडं चांगलं, मग ते कितीही कळकट दिसो.

आणि हो, कुणाकडे जुन्या घराची कौलं निघणार असतील तर मला आधी फोन करा. शेजारच्या काकूंनाही खुराडं हवंय.