'कोयता' या शब्दाचे लिंग कोणते?

स्त्रीमुक्तीच्या परिसंवादांत एक सिद्धान्त हमखास ऐकावयास मिळतो. भाषा पुरुषांनी घडविली, म्हणून तीत होणारा विचारही पुरुषकेंद्री! डेल स्पेंडर या ऑस्ट्रेलियन विदुषीने 1980 साली आपल्या पुस्तकाचे नावच 'मॅन मेड लँग्वेज' असे ठेवले. इंग्रजीपुरती ही तक्रार खोटी नाही. तेथे 'मॅन' म्हणजे पुरुष आणि 'मॅन' म्हणजेच अखिल मनुष्यजात.

परंतु आमच्या विद्वानांनी हा अंगरखा बेतून न पाहताच मराठीच्या अंगावर चढविला. त्यांनी मराठीचे व्याकरण उघडून तरी पाहिले आहे काय? 'माणूस' पुल्लिंगी खरा. पण 'माणसे आली' म्हणताच तो शब्द नपुंसकलिंगी होतो आणि त्यात बायाबापडे सारेच मावतात. इंग्रज स्त्रीच्या 'आय'वरून ती स्त्री की पुरुष, हे कळत नाही. आमची बाई 'मी जाते' म्हणताच कळते. (कोल्हापूरकडे बायकाही 'मी जातो' म्हणतात, म्हणून तेथे कोणी त्यांना पुरुष समजत नाही!) संस्कृतात तर एकाच पत्नीला 'दार' हा पुल्लिंगी, 'कलत्र' हा नपुंसकलिंगी आणि 'भार्या' हा स्त्रीलिंगी शब्द आहे. आणि लाखो वारकरी ज्ञानोबारायांना 'माउली' म्हणतात, ते कोणत्या पुरुषकेंद्री विचारातून?

येथे टाळ्या घेऊन थांबण्याचा मोह आपल्याकडील लेखकांना पडतो. मनुस्मृतीतील नारीपूजेचे ते सुप्रसिद्ध वचन उद्धृत केले की आपलेही कर्तव्य संपते. माझे भांडण या समाधानाशीही आहे.

बीड जिल्ह्यातील लिंबागणेश हे भालचंद्र गणेशाचे क्षेत्र. तेथील गणरायापुढे हात जोडून आलेल्या वाचकाने त्याच बालाघाटाच्या माथ्यावरील वाड्या-तांड्यांतही एकदा डोकवावे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ही गावे ओस पडू लागतात. माणसे ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या हिशेबात मात्र माणसे नसतात, 'कोयते' असतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी असेल तर तो 'अर्धा कोयता'. उचल घेतो नवरा, व्यवहार ठरतो त्याच्याशी. पहाटे थंडीत फडात उतरून मोळ्या बांधणारी आणि त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणारी बाई त्या एका शब्दात विरघळून जाते. हा शब्द पुल्लिंगी आहे, हा योगायोग आहे असे कोणी म्हणेल. म्हणो बापडा.

या शब्दाची किंमत किती? कामाचा दिवस चुकला की 'खाडा' पडतो आणि पैसे कापले जातात. मासिक पाळी आणि बाळंतपण यांना या हिशेबात जागा नाही. 2019 साली बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड महिलांचे सर्वेक्षण झाले. त्यांतील 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. याच जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 807 मुली होत्या. राज्यातला हा नीचांक. नारीपूजेची वचने मुखोद्गत असणाऱ्या घरांतूनही त्या मुली नाहीशा झाल्या, हे आपण लपवू नये.

हे ओळखण्यासाठी परदेशी सिद्धान्ताची गरज नव्हती. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून पुरुषांच्या दुटप्पी न्यायाचे वाभाडे काढले होते. तेव्हा त्यांच्यावर तुटून पडलेले कोणी परके नव्हते. ते आपलेच होते.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या बालकांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लिहिण्याचा नियम महाराष्ट्र शासनाने केला. स्वागतच आहे. पण ज्या आईचे नाव बाळाच्या दाखल्यावर चढते, तिचे नाव मुकादमाच्या वहीत का नसावे? करारावर दोन नावे, उचलीचे दोन हिशेब आणि मजुरीचे दोन वाटे असावेत. या भागातील आपल्या कार्यकर्त्यांनी येत्या हंगामापूर्वी गावोगावच्या मुकादमांसमोर बसून एवढे एक काम करावे. सर्वनामांचा वाद त्यानंतर सवडीने घालता येईल.