सहलीचा पैसा मोंढ्यातच बाजूला काढा

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की घरोघरी एकच लकडा सुरू होतो. पोरं म्हणतात, कुठंतरी जाऊ. म्हातारी म्हणते, एकदा पंढरी दाखवा. घरची लक्ष्मी तोंडाने काही बोलत नाही, पण माहेर सोडून दुसरे गाव तिने पाहिलेले नाही हे सगळ्यांना ठाऊक असते. आणि घरधनी म्हणतो, बघू पुढच्या वर्षी. हे पुढचे वर्ष आपल्या तालुक्यात कितीतरी घरांतून वीस-वीस वर्षे आलेले नाही.

दुसऱ्या बाजूला असेही होते की घरधन्याचा मूड लागतो, भावकीतले चौघे जीप ठरवतात, आणि बी-भरणासाठी ठेवलेल्या पैशाला हात लागतो. मृग आठ दिवसांवर आलेला असतो. मग खताच्या दुकानावर उधारी आणि सावकाराच्या दारात खेटे. देव पाहून आलेला माणूस कर्जात जातो, आणि गाव म्हणते, परिस्थिती नसताना कशाला गेला? आम्ही म्हणतो, जाण्यात चूक नाही. चूक आहे ती पैसा कुठून काढला यात.

शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, नोकरदाराच्या सहलीचा हिशेब वेगळा आणि आपला वेगळा. त्याला दर महिन्याला पगार आणि हक्काची रजा असते. आपल्याकडे पैसा येतो तेव्हा सवड नसते आणि सवड असते तेव्हा पैसा नसतो. सोयाबीन मोंढ्यावर जाते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. त्या वेळी कापूस वेचणीला असतो, रब्बीची पेरणी अंगावर असते. सवड मिळते ती रब्बीची रास झाल्यावर, एप्रिलअखेर ते मृगाच्या तोंडापर्यंत. पोरांच्या शाळेला सुट्टीही तेव्हाच. पण तोवर दिवाळीतला पैसा लग्नसराईत, आजारपणात, बोअरच्या मोटारीत कधी विरला ते कळत नाही. तेव्हा प्रश्न एवढाच आहे, की नोव्हेंबरातले चार पैसे मे महिन्यापर्यंत टिकवायचे कसे?

घरात ठेवलेला पैसा टिकत नाही, हा सगळ्यांचा अनुभव आहे. पाहुणा येतो, मेहुणा येतो, आणि ‘हातउसने’ म्हणून तो जातो. जादा व्याजाच्या आशेने मल्टिस्टेट पतसंस्थांत ठेवी ठेवणाऱ्यांचे आपल्या जिल्ह्यात २०२३ पासून काय हाल झाले तेही सर्वांनी पाहिले. म्हणून आमची सूचना साधी आहे. मोंढ्यातून पट्टी हातात पडली की त्याच दिवशी, घरी जाण्याआधी, पोस्टात जा आणि सहलीपुरती रक्कम एक वर्षाच्या मुदत ठेवीत टाका. किमान हजार रुपयांपासून ती ठेवता येते. तिची एक गंमत आहे. सहा महिने व्हायच्या आत ती मोडता येत नाही. सहा महिन्यांनंतर मोडली तर बचत खात्याच्या दराने व्याज मिळते. आता मोजा बरे, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ठेवलेली रक्कम मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मोकळी होते. मेहुण्याला ‘पैसे पोस्टात अडकलेत’ असे खरे खरे सांगता येते, ही वरकड सोय. ठेव शक्यतो घरच्या बाईच्या नावाने करावी. तिच्याकडून पैसा सहज सुटत नाही, हा काही दोष नव्हे.

रक्कम किती? आपण एक घर धरू. नवरा-बायको, ७६ वर्षांची आई, १३ वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा. जायचे पंढरपूरला, दोन रात्री मुक्काम. एका बाजूचा प्रवास ढोबळमानाने २०० किलोमीटर धरा. २५ जानेवारी २०२५ ला एस.टी.ची भाडेवाढ झाली, त्या दराने साध्या गाडीचे पूर्ण तिकीट साधारण ३५० रुपये होते. पण पूर्ण तिकीट लागते ते फक्त घरधन्याला. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, ते बायकोलाही आणि मुलीलाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे आहेच. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आईला ऑगस्ट २०२२ पासून प्रवास फुकट. म्हणजे जायचे ८७५, जाऊन-येऊन १,७५०. सवलती नसत्या तर हेच ३,१५० झाले असते. मुक्कामाचे दोन रात्रींचे १,२०० धरू. जेवणाखाण्याला दीड हजार, तेही पहिल्या दिवसाच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरून नेली तर. रिक्षा वगैरे ४००. प्रसाद, बुक्का, पोरांची खेळणी, बायकोच्या बांगड्या यांना ६५०. आणि एक हजार रुपये वेगळ्या पाकिटात, ज्याला दुखण्याखुपण्याशिवाय हात लावायचा नाही. बेरीज साडेसहा हजार.

सोयाबीनच्या भाषेत बोलायचे तर २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने हे सव्वा क्विंटल होते. मोंढ्यात हमीभाव कुणाच्या पदरात पडतो ते तुम्हाला सांगायला नको, म्हणून पावणेदोन क्विंटल समजा. पाच एकर सोयाबीन करणाऱ्याला एवढे बाजूला काढणे जड नाही. एक एकरवाल्याला जड आहे. त्याने दोन वर्षांत जमवावे आणि दोन वर्षांतून एकदा जावे. आणि सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत ज्यांचे उभे पीक पाण्यात गेले, त्यांनी तशा वर्षी दूरच्या गावाचे नावही काढू नये. नुकसानभरपाई आणि पीकविम्याचा पैसा हा पुढच्या पेरणीचा पैसा आहे. पीककर्जाचे तर विचारूच नका. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर आपल्या राज्यात व्याज शून्य पडते. सहलीपायी हप्ता चुकला तर ही सवलत गेली, आणि पंढरपूरचा बुक्का सोन्याच्या भावाने पडला.

अशा वर्षीही घराबाहेर पडू नये असे मात्र आम्ही म्हणणार नाही. परळीहून अंबाजोगाई किती लांब? पंचवीस किलोमीटर. योगेश्वरीचे दर्शन घ्यावे, मुकुंदराजांच्या समाधीला जावे, हत्तीखान्याची लेणी पोरांना दाखवावीत, झाडाखाली भाकरी सोडावी आणि दिवेलागणीला घरी यावे. शे-दोनशे रुपयांच्या तिकिटात घर फिरून येते. आपल्याकडे एक वाईट खोड आहे. जवळचे ते फुकटचे, आणि फुकटचे ते पाहण्यासारखे नाही. देशभरातून लोक खर्च करून आपल्या वैजनाथाला येतात, श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला पायरीवर पाय ठेवायला जागा नसते, आणि आपल्याच आडगावात अशी पोरे भेटतात ज्यांनी अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेले हे मंदिर आतून नीट पाहिलेले नाही.

थोडा अधिक पैसा साठला तर परळीच्या स्टेशनाचा उपयोग करा. परभणीमार्गे छत्रपती संभाजीनगर गाठता येते. तिथून वेरूळ तीसेक किलोमीटर. म्हातारीला घृष्णेश्वराचे ज्योतिर्लिंग, पोरांना कैलास लेणे, वाटेवर दौलताबादचा किल्ला. देवदर्शन आणि सहल यांचा वाद घरात होतो तो इथे मिटतो. पंधरा वर्षांखालील मुलांना लेण्यांत तिकीट नाही. फक्त मंगळवार टाळा, त्या दिवशी वेरूळची लेणी बंद असतात. पुष्कळ मंडळी नेमकी मंगळवारी जाऊन फाटक पाहून परत येतात. रेल्वेत एक ध्यानात ठेवा, ज्येष्ठांची तिकीट सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी वेगळी बर्थ घेतली तर पूर्ण भाडे पडते. आरक्षण साठ दिवस आधी उघडते. तिरुपतीला जाणाऱ्यांनी हे दिवस मोजूनच निघावे. एस.टी.च्या सवलतीही राज्याच्या हद्दीपर्यंतच चालतात, हद्दीपलीकडचे भाडे पूर्ण धरून हिशेब करावा. (अहिल्यानगर–बीड–परळी मार्गावर १७ सप्टेंबर २०२५ ला बीडपर्यंत गाडी आली. परळीचा तुकडा जोडला गेला की हे सगळे हिशेब पुन्हा मांडावे लागतील, आणि आम्ही ते आनंदाने मांडू.)

एका गोष्टीवर मात्र आम्हाला जरा थांबून बोलायचे आहे. आपल्या जिल्ह्यातली ऊसतोड करणारी बाई दरवर्षी शेकडो किलोमीटर प्रवास करते. सांगली, कोल्हापूर, कर्नाटक. पण तो प्रवास कोयत्याचा असतो. पहाटेच्या थंडीत मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहून गाडीत भरायच्या, पालावर येऊन चूल पेटवायची. तिने कोल्हापूर ‘पाहिले’ असे कसे म्हणावे? अंबाबाईचे देऊळ हाकेच्या अंतरावर असून सहा महिन्यांत एकदाही न गेलेल्या बाया आहेत. पट्टा पडल्यावर गाव गाठायची घाई सगळ्यांनाच असते, ते साहजिक आहे. पण परतीचा प्रवास तर होणारच आहे. त्याच वाटेवर पंढरपूर किंवा तुळजापूर येते. काही टोळ्या वाट थोडी वाकडी करून एक मुक्काम देवाच्या गावी करतात. हे सर्वांनी करावे, आणि निघतानाच मुकादमाशी बोलून ठेवावे. खर्च आपल्या फिटलेल्या हिशेबातून करावा. पुढच्या वर्षीची उचल घेऊन देवाला गेलात तर तो देवही पुढच्या वर्षीच्या कोयत्याला बांधला गेला.

दुसरी अडचण पैशाची नाहीच. ‘जनावरांचे काय?’ धार कोण काढणार, पाणी कोण पाजणार, रात्री गोठ्याकडे कोण पाहणार? यापायीच घरातले एक माणूस नेहमी मागे राहते, आणि ते बहुतेक वेळा घरची बाई असते. पेरणीला आपण सावड करतो, वारंगुळा करतो. मग सहलीला का नको? चार दिवस तू माझी जनावरे बघ, चार दिवस मी तुझी बघतो. यात एक पैसा जात नाही. भावकीत बोलाचाली नसेल तर शेजाऱ्याशी ठरवा. बांधाचे भांडण कोर्टात चालू द्या, म्हशीची धार थांबवू नका.

आता गावच्या कारभाऱ्यांसाठी दोन शब्द. सरपंच, ग्रामसेवक, शिक्षक मंडळींनी मनावर घेतले तर गावाचे बरेच पैसे वाचतील. शाळेच्या सहलीला एस.टी. निम्म्या भाड्यात मिळते, तरी खासगी गाडी का ठरते, हे पालकांनी विचारायला हवे. आषाढीला एका गावातून चाळीसेक प्रवासी एकत्र झाले तर एस.टी. महामंडळ थेट गावातून पंढरपूरची गाडी सोडते, सवलतीही लागू राहतात. त्यासाठी आगारप्रमुखांकडे मागणी आधी नोंदवावी लागते. साठी ओलांडलेल्या आणि वार्षिक अडीच लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांसाठी जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आली. एका व्यक्तीला एकदा, तीस हजारांच्या मर्यादेत. तिची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करून पात्र म्हाताऱ्यांची यादी ग्रामपंचायतीने स्वतः करावी. म्हातारी माणसे कचेरीत खेटे घालू शकत नाहीत.

आणि सर्वांत आधी आधार कार्डे तपासा. आपल्या जुन्या माणसांच्या जन्माच्या नोंदी नाहीत. कार्ड काढताना कुणी अंदाजाने १ जानेवारी टाकून दिले, वर्षही अंदाजानेच. ऐंशीची म्हातारी कार्डावर एकाहत्तरची दिसते, आणि वाहक तिला अर्धे तिकीट देतो. त्याचा दोष नाही, तो कार्ड पाहतो. जुना शाळेचा दाखला किंवा दुसरा मान्य पुरावा असेल तर दुरुस्ती होते. ग्रामसभेत असे किती जण आहेत ते मोजा आणि एक दिवस ठरवून त्यांना आधार केंद्रावर न्या. हे काम दिवाळीच्या आत झाले पाहिजे, कारण पोस्टात ठेव ठेवायची तारीखही तीच आहे.