कोटातील सेंट थॉमस कथीड्रल

चर्चगेट स्थानकावर प्रत्यही उतरणाऱ्या असंख्य मुंबईकरांपैकी, ज्या प्रार्थनामंदिरावरून कोटाच्या वेशीला व पुढे त्या स्थानकाला हे नाव पडले, त्या सेंट थॉमस कथीड्रलची पायरी चढलेले किती निघतील, याची शंकाच वाटते. गव्हर्नर जेराल्ड आँजियरच्या अमदानीत, १६७६ साली, आरंभलेले हे काम कित्येक वर्षे अर्धवट भिंतींनिशी पडून राहिले आणि अखेर १७१८ च्या नाताळात उपासनेस खुले झाले. तट गेला, वेस गेली, नाव तेवढे उरले.

आतील संगमरवरी स्मारके मात्र सावकाश वाचावीत. कंपनी सरकारचे मुलकी आणि लष्करी अंमलदार, त्यांतले कित्येक ऐन तारुण्यात निवर्तलेले, येथे शिलालेखरूपाने भेटतात. गव्हर्नर जोनाथन डंकनच्या स्मारकावर तर बनारस व काठेवाड येथील बालहत्या बंद केल्याची नोंद कोरलेली आहे. परकी अंमलाची ही वास्तू आपली कशी, हा आक्षेप मला मुळीच ग्राह्य वाटत नाही, कारण ज्या सत्तेने पेशवाई बुडविली तिचे हे दगडी दप्तर आपल्याच इतिहासाचा दस्तऐवज आहे. मुंबईतील मराठी शाळांनी वर्षातून एक सकाळ तरी आपल्या मुलांना येथे अवश्य आणावे.