भिंगातून दिसणारे ऋतू

इंदूरच्या एका वाचक भगिनींचे पत्र समोर आहे. त्या लिहितात, 'आम्ही वर्षातून एकदाच सहलीला निघतो. बरोबर दोन मुले, सासूबाई आणि भरपूर सामान. ह्यांना अगदी जवळून फोटो काढण्याचा नाद. फुलपाखरू दिसले की हे तिथेच बसकण मारतात आणि आम्ही बाकीचे उन्हात ताटकळतो. यावर काही उपाय आहे का?'

प्रश्न छायाचित्रणाच्या सदराला विचारलेला असला, तरी तो खरा संसाराचा आहे. आमच्या सौ. तर म्हणतात, 'हे पत्र मीच लिहिलंय असं समजा आणि उत्तर द्या.'

खरी अडचण अशी, की प्रवास आणि मॅक्रो छायाचित्रण यांचे मुळातच जमत नाही. प्रवास म्हणतो, पुढे चला. भिंग म्हणते, खाली बसा. चार दिवसांत सहा ठिकाणे 'करणाऱ्या' माणसाला कोळ्याचे डोळे दिसणे शक्य नाही. मी तीसेक वर्षे या दोघांची मोट बांधतो आहे. त्यातून मला जमलेली तडजोड एवढीच, की एका ऋतूला एकच जागा, आणि तिथेही सकाळचे पहिले दोन तास माझे, बाकीचा दिवस घरच्यांचा. सकाळी सहा ते आठ सहसा कोणीच माझ्या वाटेत येत नाही, कारण सगळे झोपलेले असतात. किड्यांचेही तसेच. त्यांच्या अंगात स्वतःची ऊब नसते. रात्रीच्या गारठ्याने चतुर, टोळ, फुलपाखरे आखडून बसतात आणि ऊन अंगावर आल्याशिवाय हलत नाहीत. दुपारी बारा वाजता फुलपाखरामागे धावणाऱ्याला घाम मिळतो, फोटो मिळत नाही.

आता 'मॅक्रो' म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, म्हणजे नव्या वाचकांची पंचाईत नको. एक सेंटिमीटरचा किडा फिल्मवर किंवा आजच्या कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर एक सेंटिमीटरचाच उमटला, तर ते खरे मॅक्रो, म्हणजे एकास एक. त्यासाठी खास लेन्स मिळते, पण ती महाग. मी सुरुवात केली ती साध्या ५० मिलिमीटरच्या लेन्समागे नळ्या लावून. एक्स्टेन्शन ट्यूब म्हणतात त्यांना. आत काच नसते, नुसती पोकळ नळी. पन्नासच्या लेन्सला पन्नास मिलिमीटरची नळी लावली की एकास एक साधते. बदल्यात प्रकाश बराच कमी होतो आणि चित्राची स्पष्ट खोली अगदी तुटपुंजी राहते. झरोका एफ ११ पर्यंत बारीक केला तरी ती जेमतेम एक-सव्वा मिलिमीटर. म्हणजे मुंगीच्या डोळ्यावर फोकस साधला की तिची मागची तंगडी धूसर झालीच. म्हणून नियम एकच: डोळा स्पष्ट हवा. आणि श्वास रोखायचा. सौ. म्हणतात, प्राणायामाच्या वर्गाला पैसे कशाला भरता!

रोलच्या काळात छत्तीस फोटो संपले की खेळ खलास. धुऊन येईपर्यंत काय टिपले गेले याचा पत्ता नसे. आता मोबाइलमध्येसुद्धा मॅक्रो येते आणि फोटो लगेच दिसतो. ते फार चांगले झाले. पण छत्तीसच्या धाकामुळे माणूस आधी बघायचा आणि मग बटण दाबायचा, ती सवय मात्र मोडू देऊ नका.

ऋतूंकडे वळू या. माझे वर्ष जूनमध्ये सुरू होते, सरकारी कॅलेंडर काहीही म्हणो. मृग नक्षत्र लागले, दोन सरी पडल्या की माळावर लाल मखमलीचे ठिपके चालू लागतात. मृगाचा किडा. लहानपणी आपण सगळ्यांनी तो काड्यापेटीत भरून शाळेत नेलेला आहे. भिंगातून पाहिले की पहिली गोष्ट कळते, त्याला पाय आठ. म्हणजे हा किडाच नव्हे. कोळी आणि गोचीड यांच्या नात्यातला आहे. ती मखमल म्हणजे दाट, आखूड केसांची लव, आणि पावसाचा थेंब तिच्यावर मोत्यासारखा उभा राहतो. एरवी हा जीव जमिनीखाली असतो. पहिल्या पावसानंतरचे थोडे दिवस वर दिसतो, पुन्हा गडप. मॅक्रो शिकायला याच्याइतका सोशीक गुरू नाही, कारण तो उडत नाही आणि फार पळतही नाही. काड्यापेटी मात्र आता नको.

याच सुमारास, मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, भंडारदऱ्याच्या परिसरात काजव्यांची झाडे लखलखतात. ते मॅक्रोचे काम नाही. ट्रायपॉड, वीस-तीस सेकंदांचे उघडे झडप आणि मिट्ट काळोख हवा. तिथे हल्ली काळोखच मिळत नाही. गाड्यांचे दिवे, मोबाइलच्या बॅटऱ्या, आरडाओरडा! काजव्याचे लुकलुकणे म्हणजे नर-मादीची एकमेकांना घातलेली साद असते. त्यात आपण बॅटरी मारायची म्हणजे दोघे बोलत असताना मध्ये भोंगा लावण्यासारखे आहे.

श्रावण-भाद्रपदात साताऱ्याजवळचे कास पठार. आज ते सर्वांना ठाऊक आहे. पश्चिम घाटातील ३९ स्थळांबरोबर २०१२ साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि गर्दी इतकी वाढली, की आता हंगामात आधी नोंदणी करून जावे लागते. मी पहिल्यांदा गेलो १९९६ च्या सप्टेंबरात. साताऱ्याहून बामणोलीकडे जाणाऱ्या एस.टी.ने आम्ही तिघे मध्येच उतरलो. कंडक्टरने विचारले, 'इथं कोणाकडं?' पठारावर आमच्याखेरीज चार म्हशी होत्या.

तिथली जमीन म्हणजे जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर. झाडांची मुळे खोल जायला जागाच नाही, म्हणून सगळे जग वीतभर उंचीचे. पिवळी सोनकी, गुलाबी तेरडा, गेंदाचे पांढरे गोळे, आणि ओलसर जागी सीतेची आसवे, नखाएवढी निळीजांभळी फुले. नावाने हळवे वाटणारे हे झाड शिकारी आहे. मुळांशी त्याच्या बारीक फुग्या असतात आणि पाण्यातले सूक्ष्म जीव त्यांत ओढले जातात. त्याच्या शेजारीच मला दिसले गवती दवबिंदू. लालसर केसांच्या टोकाला एकेक चकाकता थेंब. मी पोटावर आडवा झालो.

मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने विचारले, 'बाबा, बारा वाजले तरी यांच्यावरचं दव वाळत कसं नाही?' मी तोवर अर्धा रोल संपवला होता आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता. भिंग पुढे नेले तेव्हा एका थेंबात चिलटाचा पाय अडकलेला दिसला. ते दव नव्हे, चिकट रस होता. या निकस मातीत नायट्रोजन फारसा मिळत नाही, म्हणून हे झाड किडे धरून आपली गरज भागवते. मी तिला हे समजावून सांगितले, रोल संपवला आणि विजयी वीरासारखा उठलो.

ती माझ्याकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती. 'बाबा, तुमचा छाप पडलाय.'

पडला होता खरा. डोके, छाती, कोपरे, गुडघे, सगळे ओळखू येईल असा. माणसाच्या आकाराचा एक चेपलेला तुकडा. त्यात सीतेची आसवे होती, गेंद होते, आणि ज्यांचा मी फोटो काढत होतो त्यांची भावंडेही होती. एक झाड टिपण्यासाठी मी किती मारली, ते मोजायचा धीर झाला नाही. सौ. एरवी अशा वेळी गप्प बसत नाहीत. त्या दिवशी त्यांनी फक्त माझ्या सदऱ्याला चिकटलेली फुले काढली आणि रुमालात ठेवली.

तो दवबिंदूचा फोटो चांगला आला होता. पुढे एका स्पर्धेला पाठवायचे ठरले होते, पाठवला नाही. अल्बममध्ये आहे. त्यानंतर मी वाट सोडून आडवा झालेलो नाही. पायवाटेच्या कडेला जे उगवले असेल, तेवढेच आपले. लांब नळीची मॅक्रो लेन्स घेतली तीही त्यासाठीच; नव्वद-शंभर मिलिमीटरची असली की हातभर लांबून काम होते आणि किडाही दचकत नाही. आणखीही काही गोष्टी सोडल्या. पूर्वी आम्हा हौशी मंडळींत एक युक्ती सांगितली जाई, की फुलपाखरू डब्यात घालून थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवायचे, म्हणजे ते गारठून निमूटपणे बसते. कोणी गवतावर ग्लिसरीनचे थेंब शिंपडून दव म्हणून खपवीत. घरट्यासमोरची फांदी उजेड येत नाही म्हणून छाटणारेही मी पाहिले आहेत. उघड्या पडलेल्या घरट्यातली पिल्ले कावळ्याच्या नजरेस पडायला वेळ लागत नाही. फोटोत हे काहीच दिसत नाही. छान पिल्लू, चोच उघडलेली, एवढेच दिसते.

ज्यांना दूर जाणे शक्य आहे त्यांनी जुलै-ऑगस्टात उत्तराखंडमधील फुलांची दरी पाहावी. गोविंदघाटहून घांघरिया आणि तिथून पायी दरीत. आत मुक्काम करता येत नाही, संध्याकाळपूर्वी परतावेच लागते, आणि हे फार योग्य आहे. १९३१ साली कामेत शिखरावरून परतताना फ्रँक स्माइथ या गिर्यारोहकाला ही दरी दिसली आणि त्याच्या पुस्तकामुळे तिचे नाव जगभर झाले. १९३९ मध्ये इथे फुले गोळा करायला आलेल्या जोन मार्गारेट लेग या बाई कड्यावरून घसरून गेल्या. त्यांची समाधी दरीतच आहे. निळी खसखस पाहण्यासाठी लोक इतक्या लांब येतात. जवळून पाहा, त्या नाजूक फुलाच्या देठावर काटेच काटे असतात. पावसात कॅमेऱ्यावर प्लॅस्टिकची पिशवी आणि खिशात सुती फडके असू द्या. धुक्याने काच सारखी धूसर होते.

पावसानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबर हा फुलपाखरांचा मोसम. नीलवंत, म्हणजे ब्ल्यू मॉरमॉन, याला २०१५ मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू ठरवले. काळ्या पंखांवर निळाईचा पट्टा. त्या पंखावर भिंग धरा. कौलारू घराच्या छपरासारखे एकावर एक बसवलेले खवले दिसतील. लहानपणी फुलपाखरू पकडल्यावर बोटाला लागायचा तो 'रंग' म्हणजे हेच खवले.

हिवाळ्याबद्दल फार सांगत नाही, कारण त्यात लवकर उठण्याखेरीज कौशल्य नाही. कोळ्याचे जाळे, त्यावर दव, मागून कोवळे ऊन. कोणाचाही फोटो चांगला येतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी कडाक्याच्या थंडीत दवच गोठते, तेवढे एकदा पाहावे. स्वेटर मात्र दोन घाला.

उन्हाळ्याला लोक उगाच रुक्ष म्हणतात. पळसाच्या कळीवर गडद तपकिरी मखमल असते, ती किती जणांनी पाहिली आहे? आंब्याचा मोहोर आपण वासाने ओळखतो. त्यातले एकेक फूल ज्वारीच्या दाण्याएवढे, आणि त्यावर बसलेल्या माश्यांमुळेच पुढे आपल्याला आमरस मिळतो. गुढीपाडव्याला कडुलिंबाची फुले तोंडात टाकण्याआधी एक भिंगाखाली धरावे. पाच पाकळ्यांची पांढरी चांदणी.

तेव्हा इंदूरच्या ताई, तुमच्या यजमानांना सकाळचे दोन तास द्या आणि आठ वाजता चहाला हाक मारा. आले नाहीत तर चहा संपवून टाका. मुलांच्या हाती एक साधे भिंग द्या. माझ्या मुलीने विचारलेला प्रश्न कॅमेरेवाल्याला सुचत नाही. सासूबाईंसाठी घडीचे स्टूल न्या. आणि वर्षातल्या उरलेल्या दिवसांसाठी घरी कढीपत्त्याची एक कुंडी पुरे.

आमच्या गॅलरीत ती आहे. गेल्या आश्विनात कॉमन मॉरमॉन फुलपाखराची मादी येऊन पानांवर अंडी घालून गेली. अळ्या प्रथम पक्ष्याच्या विटेसारख्या दिसत. नंतर अंग हिरवेगार झाले. काडीने डिवचल्यावर डोक्यामागून लाल, दुभागलेले शिंग बाहेर काढून त्या उग्र वास सोडतात, हे मला पुस्तकातून माहीत होते. ते शिंग टिपायची फार इच्छा होती. काडी हातात घेतलीही. मग ठेवून दिली.

अळ्यांनी चार दिवसांत निम्मी कुंडी फस्त केली. मला वाटले, आता सौ. त्यांना उचलून खाली टाकणार. संध्याकाळी स्वयंपाकघरातून फोडणीचा आवाज आला, पाठोपाठ त्यांचा. 'अहो, बाजारात जाताय तर कढीपत्ता आणा दोन रुपयांचा.'

दोन रुपयांत आता कोण देतो! पण आणला.