भूक लागते, हाव सुटते : जबलपूरच्या मराठीच्या निमित्ताने

जबलपूरच्या मराठी घरात ‘मीठ’ म्हणजे लवण. उंबरठा ओलांडून हलवायाच्या दुकानाशी गेले, की ‘मीठा’ म्हणजे गोड. दोन्ही शब्दांचे मूळ संस्कृत ‘मृष्ट’ किंवा ‘मिष्ट’ याच शब्दात आहे, आणि त्याचा अर्थ केवळ ‘रुचकर’ असा होता. मराठीने रुचीचा मान मिठाला दिला, हिंदीने साखरेला. गोडासाठी मराठी भाषा गुळाकडे वळली : ‘गुड’, ‘गौड’, ‘गोड’.

या दोन भाषांचा शेजार येथे जुना आहे. १७८१ मध्ये जबलपूर सागरच्या मराठ्यांकडे आले, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८१७ मध्ये इंग्रजांच्या हाती पडले. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला तेव्हा त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे मराठी व हिंदी भाषकांचा एकाच राज्यकारभारात संबंध राहिला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, जबलपूर मध्य प्रदेशात राहिले. येथील मराठी तेव्हापासून मुख्यतः घराची भाषा झाली. आणि घराच्या भाषेचा कस खाण्यापिण्याच्या शब्दांत लागतो.

अशा मराठीचा ऱ्हास मोजताना आपण सामान्यतः नामांची मोजदाद करतो. ‘जिलेबी’ची ‘जलेबी’ झाली, ‘खवा’ ‘खोवा’ झाला, म्हणून हळहळतो. प्रस्तुत लेखकास ही चिंता अस्थानी वाटते. खव्याची जिलेबी ही या शहराची ख्याती आहे; तिला येथल्या नावाने हाक मारण्यात मराठीचे काही उणे होत नाही. खरा पालट क्रियापदांत होत आहे, आणि तो कोणाच्या ध्यानात येत नाही.

मराठीत भूक ‘लागते’, तहान ‘लागते’, डोहाळे ‘लागतात’. हाव मात्र ‘सुटते’, वखवख ‘सुटते’, खा खा ‘सुटते’, तोंडाला पाणीही ‘सुटते’. ‘लागणे’ म्हणजे बाहेरून येऊन बिलगणे. येथे माणूस निर्दोष असतो. ‘सुटणे’ म्हणजे आत आवरून धरलेले मोकळे होणे, जसा वारा सुटतो, घाम सुटतो. याच्याही पुढची पायरी ‘हपापणे’ किंवा ‘अधाशीपणा करणे’ ही. तेथे ‘त्याला’ जाऊन ‘तो’ येतो आणि दोष सर्वस्वी कर्त्याच्या माथी बसतो. गरज, ढळलेला संयम आणि लोभ यांची प्रतवारी भाषेने उपदेश न करता केवळ विभक्ती आणि क्रियापद यांच्या बळावर केलेली आहे. ‘लागणे’मध्येही तारतम्य आहेच : वाचनाची ‘गोडी’ लागते, पत्त्यांची ‘चटक’ लागते.

डोहाळ्यांचे उदाहरण येथे विशेष बोलके आहे. संस्कृत ‘दोहद’चे हे मराठी रूप. सुश्रुताने गर्भिणीस दोन हृदयांची मानले आहे. म्हणजे तिची इच्छा तिच्या एकटीची नव्हे. रघुवंशातील सुदक्षिणेला मातीचे डोहाळे लागतात, त्यात कवीला काही गैर दिसत नाही. म्हणून डोहाळे ‘पुरविणे’ हे घराचे कर्तव्य ठरते आणि डोहाळजेवण हा सोहळा होतो. तेच ‘पुरविणे’ जिभेच्या चोचल्यांना जोडले की बोल लागतो. आणि ‘भिकेचे डोहाळे’ म्हटले की त्याच शब्दाचा उपहास होतो.

हिंदीतही ‘भूख लगती है’. पण तिकडे ‘मुँह में पानी आता है’, लालच ‘आता’ है आणि खाण्याचे ‘मन करता है’. ‘छूटना’ हे ‘सुटणे’चेच भावंड, पसीना आणि हँसी यांच्यासाठी ते हिंदीत आहे, परंतु इच्छेच्या प्रांतात त्याचा तसा संचार नाही. हिंदीची व्यवस्था वेगळी आहे, उणी नाही. येथील मराठी घरांत आता ‘तोंडात पाणी आलं’, ‘गोड खायचं मन करतंय’ असे सहज ऐकू येते. यातील प्रत्येक शब्द मराठी आहे. शुद्धलेखनाच्या कोणत्याही परीक्षेत तो उतरेल. परंतु जे सुटत होते ते आता नुसते येते. आवर घालण्याची जी कल्पना त्या क्रियापदात दडलेली होती, ती निघून गेली.

भाषा बदलतातच, हा आक्षेप मान्य आहे. मुलांना अडवून त्यांच्या तोंडी ‘सुटणे’ घालावे असे कोणी सुचवू नये. घासागणिक व्याकरण वाढले तर भूकही मरेल आणि भाषाही. मात्र बदल होऊ देणे आणि बदलाची नोंद न ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची, दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ मधले. त्यांचे ऋण मोठे आहे. पण वर्णानुक्रमाने लावलेल्या कोशात ‘भूक’ आणि ‘हाव’ दूर दूर बसतात आणि त्यांच्या क्रियापदांतील हे नाते एका दृष्टिक्षेपात दिसत नाही.

ते नाते सीमेवरच्या बोलीत दिसते, कारण तेथेच ते उसवत असते. पुण्यात ‘सुटणे’ इतके अंगवळणी पडले आहे की त्याचा अर्थ कोणी विचारीत नाही. म्हणून भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी जबलपूरसारख्या ठिकाणची मराठी ‘भ्रष्ट’ म्हणून बाजूला न सारता, ज्या घरांत आजी आणि नातवंडे अजून एका पंक्तीला बसतात, तेथे जाऊन त्यांची वाक्ये टिपून घ्यावीत. सुटे शब्द पुढे कोशातही सापडतील. ही वाक्ये त्या पंक्तीबरोबर उठून जातील.