हत्ती उडाला, शेपूट राहिलं

गोव्यात ‘पायलट’ म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढे विमान येत नाही. पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल येते, आणि स्टँडवर तिला टेकून ‘खंय वचपाचें?’ विचारणारा चालक. मागच्या सीटवर प्रवासी बसवून नेण्याचा रीतसर परवाना असलेल्या या मंडळींना अख्खा गोवा पायलट म्हणूनच ओळखतो. उरलेल्या जगातल्या पायलटांचं दुखणं मात्र याच्या बरोबर उलटं आहे. त्यांच्याजवळ विमान असतं. नसते ती मोटरसायकल.

अमेरिकेचं उदाहरण घ्यावं, कारण हौशी वैमानिकांचा सगळ्यात मोठा संसार तिथे आहे. शनिवारी सकाळी एखादा गृहस्थ आपलं चार सीटचं सेसना बाहेर काढतो, दीड तासात तीनेकशे किलोमीटर तोडतो आणि कुठल्याशा गावाच्या धावपट्टीवर उतरतो. इंजिन बंद होतं. समोर एक हँगर, कार्ड घालून चालणारा इंधनाचा पंप, वाऱ्यावर फडफडणारं नारिंगी कापडी नळकांडं. माणूस औषधालाही नाही. गाव सहा किलोमीटर लांब. टॅक्सी नाही, बस तर नाहीच. अमेरिकेत सर्वांना खुले असे पाच हजारांच्या आसपास विमानतळ आहेत आणि नियमित प्रवासी विमानसेवा त्यातल्या जेमतेम पाचशेंना मिळते. बाकीचे बहुतेक हे असेच. तीनशे किलोमीटर चुटकीसरशी पार पडतात आणि शेवटच्या सहा किलोमीटरांपाशी घोडं अडतं. हत्ती गेला, शेपूट राहिलं.

मग डोक्यात येतं, की एखादी हलकी मोटरसायकल विमानातच टाकली तर?

कल्पना इतकी मोहक आहे, की दर पिढीतल्या कुणाला ना कुणाला ती नव्याने सुचते. पण तिला आता ऐंशी वर्षांहून जास्त वय झालंय आणि तिचा आजवरचा हिशेब फारसा चांगला नाही.

सगळ्यात गंभीरपणे ती राबवली युद्धाने. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या गुप्त कारवायांच्या संघटनेने वेलविनजवळच्या आपल्या कार्यशाळेत एक घडीची मोटरसायकल तयार केली. गावाच्या नावावरून तिचं नाव पडलं वेलबाइक. ९८ सीसीचं विलियर्स इंजिन, वजन ३२ किलोंच्या आसपास. हँडल दुमडायचं, सीट खाली सरकवायची, की ती पॅराशूटने टाकायच्या नळकांड्यात जाऊन बसे. त्या नळकांड्याचा व्यास होता १५ इंच. गाडीची बाकी सगळी रचना या १५ इंचांनी ठरवली. चाकं खेळण्यातल्यासारखी, कारण मोठी मावत नव्हती. पेट्रोलची टाकी इंजिनापेक्षा खाली, कारण वर जागा नव्हती. म्हणून हातपंपाने टाकीत हवा भरून पेट्रोल वर चढवावं लागे. पुढचा ब्रेक नाही, शॉकॲब्सॉर्बर नाही. बर्मिंगहॅमच्या एक्सेल्सियर कंपनीने अशा साडेतीन हजारांहून जास्त गाड्या बांधल्या.

नळकांड्यातून बाहेर काढून गाडी अकरा सेकंदांत धावायला तयार होते, असा दावा होता. असेलही खरा. पण ते नळकांडं सैनिकापासून दोन शेतं पलीकडे पडलं, की अकरा सेकंदांना काय अर्थ? नांगरलेल्या जमिनीत, खंदक आणि मलब्यातून ती टीचभर चाकं पुढे सरकेनात. बऱ्याच वेलबाइक जिथे पडल्या तिथेच टाकून देण्यात आल्या. तेवढ्यात मोठी ग्लायडर आली, त्यांतून अख्खी जीपच नेता येऊ लागली आणि घडीच्या गाडीची निकड संपली.

तिची दणकट बहीण होती रॉयल एनफिल्डची ‘फ्लाइंग फ्ली’, म्हणजे उडती पिसू. हिचं मूळही युद्धाशीच जोडलेलं आहे. डीकेडब्ल्यू या जर्मन कंपनीच्या छोट्या मोटरसायकली हॉलंडमध्ये विकणाऱ्या रॉटरडॅमच्या व्यापारी पेढीत ज्यू संचालक होते, म्हणून नाझी राजवटीने तिची एजन्सी काढून घेतली. पेढी इंग्लंडला रॉयल एनफिल्डकडे गेली आणि म्हणाली, तशीच गाडी आम्हाला करून द्या. त्यातून जन्मलेली ही सव्वाशे सीसीची, साठेक किलोंची गाडी पुढे लोखंडी पिंजऱ्यात घालून पॅराशूटने सोडली गेली, ग्लायडरमधूनही गेली. तिची घडी होत नसे. ती नुसतीच एक हलकी, बरी मोटरसायकल होती, आणि तेच तिच्या पथ्यावर पडलं. आज चेन्नईला मुक्काम असलेल्या रॉयल एनफिल्डने २०२४ साली मिलानमध्ये आपली पहिली विजेवरची मोटरसायकल दाखवली, तेव्हा नाव याच पिसूचं दिलं. वेलबाइकची नागरी आवृत्ती ‘कॉर्गी’ मात्र युद्धानंतर काही वर्षं विकली गेली आणि संपली.

इथे एक आडवळण घ्यायला हरकत नाही, कारण ते थेट पुण्यापर्यंत येतं. इटलीतली पियाज्जो कंपनी युद्धापूर्वी विमानं बनवायची. युद्धात कारखाना बेचिराख झाला, विमानं बनवायला परवानगी उरली नाही, तेव्हा कंपनीने दुचाकीचं काम हेलिकॉप्टरचा अभियंता असलेल्या कोराडिनो दास्कानियोवर सोपवलं. या गृहस्थाला मोटरसायकली मुळीच आवडत नसत. त्याने विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलेलं पुढचं चाक लावलं, इंजिन झाकून टाकलं, आणि १९४६ साली व्हेस्पा रस्त्यावर आली. अमेरिकी छत्रीधारी सैनिकांच्या कुशमन स्कूटर इटलीत दिसल्या होत्या, त्यांवरून ही कल्पना सुचली असंही सांगितलं जातं. १९६०च्या सुमारास बजाजने हीच व्हेस्पा परवान्याखाली पुण्याजवळ आकुर्डीला बनवायला घेतली. पुढे तिची जागा ‘चेतक’ने घेतली. आज पियाज्जोचा स्वतःचा कारखाना बारामतीला आहे. महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांनी किक मारताना ती गाडी एका बाजूला कलवली, पण आपण विमानाच्या नातलगावर बसलो आहोत हे कितीजणांच्या मनात आलं असेल?

विमानाची विद्या दुचाकीत आली तेव्हा कोट्यवधी माणसांचं भलं झालं. दुचाकी विमानात कोंबली तेव्हा झालं ते वेलबाइकचं.

आता आकडेमोड. जगात सगळ्यात जास्त बनलेलं छोटं विमान म्हणजे सेसना १७२. त्याच्या अलीकडच्या आवृत्तीत माणसं, सामान आणि इंधन मिळून साधारण ४०० किलो वाहता येतात. टाक्या पूर्ण भरल्या तर इंधनच १४४ किलोंचं होतं. राहिले अडीचशेच्या वर थोडे. ऐंशी किलोंची तीन माणसं बसली की हिशेबात पंधराएक किलो उरतात. म्हणजे विमान चार सीटचं असलं तरी मोटरसायकल घ्यायची तर कुणाला तरी घरी ठेवावं लागतं. मागच्या सामानाच्या कप्प्याची मर्यादा ५४ किलोंची, आणि त्याचं दार दीड फूटही रुंद नाही. घडीची मोपेड, उदाहरणार्थ इटलीतल्या दी ब्लासीची, तीसेक किलोंची असते. कागदावर बसते, पण अरुंद दारातून ती आत घालताना घामाने अंघोळ होते.

वजन किती याहून ते कुठे ठेवलं, हा प्रश्न जास्त नाजूक. बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं. गाडीवान पटकन पुढे सरकून बसतो आणि वेळ निभावते. विमानात तशी सोय नाही. शेपटाकडे भार गेला की नाक वर जायला बघतं, हातातला दांडा भलताच हळवा होतो, आणि वेग घटून पंखांनी हवेची पकड सोडली तर नाक पुन्हा खाली आणणं अवघड, कधी अशक्य होतं. हत्तीचं अडकलेलं शेपूट सोडवायला निघालेल्या माणसाने स्वतःच्याच शेपटात ओझं भरावं, यापरता विनोद नाही. बांधणीचंही तेच. जोराने आपटताना माणसांच्या पट्ट्यांवर शरीराच्या वजनाच्या नऊपट ताण येईल असं धरून छोट्या विमानांची रचना होत आलेली आहे. तीस किलोंची गाडी त्या क्षणी २७० किलोंची होते आणि तिची दिशा वैमानिकाच्या मानेकडे असते. सुतळीने बांधलेली मोटरसायकल ही तोफच.

पेट्रोलचा त्रास वेगळा. दहा हजार फुटांवर हवेचा दाब जमिनीवरच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास उरतो. टाकीतली वाफ बाहेर पडायला बघते, आडवी घातलेली गाडी कार्बोरेटरमधून झिरपते, आणि हवेपेक्षा जड असलेली ती वाफ केबिनच्या तळाशी साचते. वैमानिकाचं डोकं जड होणं ही त्यातली सौम्य शक्यता. टाकी आणि कार्बोरेटर कोरडे केले म्हणजे झालं, असं कुणी म्हणेल. मग तिकडे उतरल्यावर पेट्रोल आणायला पायी जायचं का?

विजेवरच्या गाडीने हा घोळ मिटला असं वाटतं. होंडाने १९८१ साली कारच्या डिकीत मावणारी ‘मोटोकॉम्पो’ काढली होती. २०२३ मध्ये तिचा विजेवरचा अवतार आला, ‘मोटोकॉम्पॅक्टो’. वजन १९ किलोंच्या आत, आकार सुटकेससारखा, एका चार्जमध्ये १९ किलोमीटर. दिसायला गोंडस, आणि विमानाच्या मालकाला तर हेच हवं असतं. पण आत लिथियम बॅटरी आहे. प्रवासी विमानात १६० वॉट-तासांपेक्षा मोठी अशी बॅटरी सामानात नेऊ देत नाहीत. विजेवरच्या साध्या सायकलीचीसुद्धा सहज ३०० ते ५०० वॉट-तासांची असते. हा नियम उगाच आलेला नाही. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या यूपीएसच्या मालवाहू बोइंग ७४७ मध्ये आग लागली. मालात लिथियम बॅटऱ्या होत्या. दोन्ही वैमानिक गेले. एवढ्या मोठ्या विमानाची ती गत, तर सेसनाच्या पाठीमागच्या कप्प्यात पेटलेल्या बॅटरीचं वैमानिक एकट्याने काय करणार? खासगी विमानात हा निर्णय बहुतांशी त्याच्याच शहाणपणावर सोडलेला असतो.

एक अपवाद मान्य करायला हवा, आणि तो आनंदाने. साधी, पायडल मारायची घडीची सायकल. अँड्र्यू रिची या इंग्रज अभियंत्याने १९७०च्या दशकात लंडनच्या आपल्या फ्लॅटमध्ये आखलेली ब्रॉम्प्टन घ्या. अकरा-बारा किलो वजन, ना पेट्रोल ना बॅटरी. घडी करून मागच्या सीटवर नीट जखडली तर भार विमानाच्या मध्याजवळ राहतो. सहा किलोमीटर म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं. ज्याला तेवढंही पायडल मारायचं नाही, त्याने निदान विमानाचा तोल बिघडवू नये. बाकी सगळे प्रकार म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

पण मुळात गाडी उडवत न्यायचीच कशाला? हे शेपूट सोडवण्याचा बरा मार्ग अमेरिकेतल्याच खेड्यापाड्यांच्या विमानतळांनी केव्हाच शोधलाय आणि त्यात तंत्रज्ञानाचा लवलेश नाही. तिथे एक पाहुण्यांची गाडी असते. बहुधा पोलिसांनी वापरून टाकलेली जुनी फोर्ड, एसी चालेल न चालेल. चावी खिळ्याला अडकवलेली. उतरलेल्या वैमानिकाने वहीत नाव आणि वेळ लिहायची, गाडी न्यायची, गावात जेवायचं, तास-दोन तासांत परत आणायची. बिल कुणी मागत नाही; टाकीत थोडं पेट्रोल भरून ठेवावं एवढीच रीत. गावालाही फायदा होतो, कारण उडत आलेला माणूस गावातल्या खानावळीत पैसे सोडून जातो. सुट्टीच्या दिवशी दोन विमानं एकदम उतरली की गाडीसाठी थांबावं लागतं, हा तिचा दोष. ते थांबणं तीस किलो शेपटात घालून उडण्यापेक्षा परवडतं.

आपल्याकडे स्वतःचं विमान घेऊन फिरायला निघणारे मोजके. इथली छोटी विमानं मुख्यतः वैमानिक घडवणाऱ्या संस्थांची, आणि शिकाऊ मुलं दुसऱ्या धावपट्टीवर उतरून जेवायला गावात जात नाहीत. तरी शेपूट इथेही अडकतंच, फक्त ते तिकीट काढून आलेल्या प्रवाशाचं असतं. शिर्डीला जाणारा काकडीच्या विमानतळावर उतरतो आणि पुढचे पंधराएक किलोमीटर मिळेल त्या वाहनाने जातो. मोपा ते पणजी तर पस्तीसेक किलोमीटर. या प्रवाशाला घडीची मोटरसायकल सुचवण्याचा आचरटपणा कुणी करणार नाही. तो एसटी कधी आहे तेवढंच विचारतो. वैमानिकाचंही याहून वेगळं नाही. धावपट्टीच्या कुंपणापाशी एक पत्र्याची शेड, आत दोन धड सायकली, हवा भरायचा पंप आणि दोरीला बांधलेली वही एवढं कुणी ठेवलं, तर एका ब्रॉम्प्टनच्या किमतीपेक्षा खर्च कमी येईल.